वेदना आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या स्थापनेच्या वेळी जी पिढी तिशीत होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. मंदिराच्या पायऱ्या तेवढ्याच आहेत, परंतु त्या चढणारे गुडघे थकले आहेत. समाजातील कोणत्याही घरात डोकावले, तर तेथे गुडघा, कंबर, मान वा तळपाय यांपैकी काहीतरी दुखणारे एक तरी वडीलधारे माणूस भेटते. त्या माणसाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : "वयाचे आहे, चालायचेच." विशेषतः माता-भगिनी आपले दुखणे घरच्यांपासून झाकतात आणि पदराआड एक गोळी गिळून पुन्हा कामाला लागतात. या सवयीला सहनशीलता म्हणावे काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शास्त्रांनी साधुजीवनातील 22 परीषह सांगितले. त्यांत रोगपरीषहही आहे. परंतु परीषह जागृत राहून, समभावाने सहन करावयाचा असतो. दुखणे लपवणे आणि कोणालाही न विचारता औषध घेत राहणे यात तपही नाही आणि उपचारही नाही. श्रावकाने प्रत्येक क्रियेत जयणा राखावी असे म्हटले जाते. पाणी गाळताना जी जयणा पाळली जाते, तीच स्वतःच्या देहाविषयीही असणे उचित होय.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा वारंवार उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. ताजी वेदना ही पहारेकऱ्याची हाक असते. जुनाट वेदनेत मात्र मज्जासंस्था अतिसंवेदनशील होऊ शकते आणि मूळ इजा भरून आल्यावरही हाक चालूच राहते. म्हणून दुखणे वाढले म्हणजे आतील बिघाड तेवढाच वाढला असे प्रत्येक वेळी नसते. निद्रानाश, चिंता आणि एकटेपणा यांनी वेदना तीव्र होते, हेही आता सर्वमान्य आहे.

उतारवयातील गुडघेदुखीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सांध्याची झीज, जिला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होते, सांध्याभोवतीचे स्नायू दुबळे होतात आणि जिना उतरताना कळ येते. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सैल होतो. याउलट बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर तो आमवात असू शकतो. त्यात विलंब केल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. म्हणून तज्ज्ञाकडे त्वरित जावे.

गुडघा दुखतो म्हणून हालचाल बंद करणे हा मोठा गैरसमज आहे. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार होय. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, 5 ते 10 सेकंद तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ हा व्यायाम केला, तर काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो. वजन अधिक असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, एक किलो वजन घटले असता चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवण्याचे तप, येथे औषधाचेही काम करते.

पायऱ्यांचाही एक नियम आहे : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. सामायिकाच्या 48 मिनिटांत मांडी घालून बसणे अशक्य झाले असेल, तर खुर्चीवर बसावे. सामायिकाचा प्राण समभावात आहे. खुर्चीमुळे तो उणा होत नाही. गुडघ्यामुळे मंदिर वा स्थानक सुटणे ही हानी त्याहून कितीतरी मोठी आहे.

ताठरलेल्या सांध्याला 15 ते 20 मिनिटे शेक द्यावा. पिशवी सुती पंच्यात गुंडाळलेली असावी. ताज्या सुजेवर मात्र थंड पट्टी बरी. ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे बधिरता आली आहे, त्यांनी पायांना शेक देऊच नये. भाजलेले त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

आता गोळ्यांविषयी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ही नावे घराघरांत परिचित झाली आहेत. या औषधांनी वेदना शमते, तसाच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही घटू शकतो आणि जठराला व्रण पडू शकतो. या संदर्भात अहिंसाप्रेमी समाजाने एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडांच्या झुंडीच्या झुंडी नष्ट झाल्या. म्हणून 2006 साली भारत सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध माणसांना आजही दिले जाते. परंतु जे औषध एवढे बलवान आहे, ते दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेण्याजोगे नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

उपवासात हा धोका अधिकच वाढतो. चौविहार उपवासात शरीरातील पाणी कमी झालेले असते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील आणि पारण्यापूर्वी वा पारण्यानंतर लगेच वेदनाशामक घेतले, तर मूत्रपिंडावर दुहेरी-तिहेरी ताण येतो. पॅरासिटॅमॉल तुलनेने सौम्य खरे, पण निरोगी प्रौढासाठीही त्याची मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम आहे. कृश, वृद्ध वा उपाशी व्यक्तीसाठी ती त्याहून कमी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. गुडघ्यासाठी वरून चोळावयाचे मलम हा पुष्कळदा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. नाव-गाव नसलेल्या "रामबाण" पुड्यांपासून तर दूरच राहावे. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

मधुमेही श्रावकांची अडचण आणखी वेगळी आहे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि नवकारशीनंतरचा अल्पाहार यांत 12 तासांहून अधिक अंतर पडते. "रात्री जेवणाआधी" असे चिठ्ठीवर लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे वेळापत्रक ठाऊक असतेच असे नाही. ते त्यांना स्पष्ट सांगावे, म्हणजे औषधाची निवड आणि वेळ त्यानुसार बसवता येते. पर्युषणातील तपाचा संकल्प करण्यापूर्वी, निदान काही आठवडे आधी, डॉक्टरांची भेट घ्यावी. हात थरथरणे, घाम फुटणे, भोवळ येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर 70 च्या खाली गेली, तर त्या क्षणी गोड पदार्थ देणे हाच धर्म. ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांच्यासाठी स्वाध्याय, विनय आणि ध्यान ही आभ्यंतर तपे शास्त्रांनीच सांगितली आहेत.

तळपायांची आग आणि मुंग्या यांमागे जीवनसत्त्व बी-12 ची उणीवही असू शकते. शाकाहारात दूध व दुग्धजन्य पदार्थ हाच त्याचा मुख्य नैसर्गिक स्रोत असून मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. साध्या रक्ततपासणीने निदान होते व उपचारही सोपा आहे. दुर्लक्ष केल्यास मात्र मज्जातंतूंची हानी भरून न येण्याइतकी होऊ शकते.

काही दुखणी घरी ठेवण्यासारखी नसतातच. छातीतून हात वा जबड्याकडे जाणारी कळ, तापासह लाल व गरम झालेला सांधा, कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती वा लघवीवरील ताबा जाणे, एकाच पोटरीला आलेली सूज, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

उरलेल्या नित्याच्या दुखण्यासाठी एक छोटी वही ठेवावी. दुखणे 0 ते 10 पैकी किती, झोप किती, चालणे किती, कोणती गोळी केव्हा घेतली, एवढेच रोज टिपावे. महिन्याअखेर हा जमाखर्च डॉक्टरांसमोर ठेवला, की अर्धे निदान तेथेच होते.

आणि शेवटी मनाविषयी. वेदनेचेच अखंड चिंतन करीत राहणे हा आर्तध्यानाचा एक प्रकार मानला आहे. दुखण्याकडे लागलेले लक्ष दुखणे वाढवते, असे आजचे वेदनाशास्त्रही म्हणते. संथ श्वास, कायोत्सर्ग आणि नामस्मरण यांनी झिजलेली कूर्चा भरून येणार नाही. परंतु वेदनेची मनावरील पकड निश्चित सैल होते.

वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही आभ्यंतर तपच होय. साधु-साध्वींच्या सेवेसाठी तत्पर असणाऱ्या समाजाने घरातील आजीच्या गुडघ्याकडेही त्याच भावाने पाहावे. जिन्याला कठडा, न्हाणीघरात धरण्यासाठी दांडा, उंच बैठकीचे शौचपात्र आणि मंदिरात मागच्या ओळीत दहा खुर्च्या, एवढ्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. आज सायंकाळी प्रत्येकाने घरी जाऊन वडीलधाऱ्यांपाशी घटकाभर बसावे आणि विचारावे, "कुठे दुखते आणि कोणती गोळी चालू आहे?" उत्तर "काही नाही" असे आले, तर दुसऱ्यांदा विचारावे.

जय जिनेंद्र.