'स्ट्राइक' : एका शब्दाची कुळकथा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

अभ्यासवर्गात एखाद्या इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीवर बोलायचे, ही कल्पना आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. शब्दांचा कीस पाडणे हे पंडितांचे काम, आपल्याला कामगारांचे प्रश्न आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु शब्दांवर ज्याची मालकी असते तोच बहुधा वादाची चौकट ठरवतो. म्हणून आज 'स्ट्राइक' या शब्दाविषयी बोलणार आहे.

आपल्या घराघरांत हा शब्द रुळलेला आहे. 'स्ट्राइक' म्हणजे प्रहार, आघात, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे संप झाला की तो कोणावर तरी केलेला घाव आहे, अशी समजूत आपोआप बळावते. संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले, उत्पादनावर घाला घातला, ही भाषा त्याच समजुतीतून पोसली जाते. प्रत्यक्षात या शब्दाचा इतिहास निराळा आहे.

जुन्या इंग्रजीत 'स्ट्रिकन' असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ हलकेच फिरवणे, घासत नेणे, पुढे सरकणे असा होता. हळुवार हात फिरवणे या अर्थाचा 'स्ट्रोक' हा शब्द त्याच कुळातला. मारणे हा अर्थ नंतर प्रबळ झाला. या क्रियापदाला खलाशांच्या भाषेत आणखी एक अर्थ आला : शीड किंवा निशाण खाली उतरवणे. जर्मन भाषेतील 'श्ट्राइखन' या सख्ख्या भावंडातही तो अर्थ आहे. निशाण उतरवणे म्हणजे शत्रूपुढे शरणागती पत्करणे. म्हणजे सागरावर हा शब्द नमते घेण्याचा होता!

मग तो लढ्याचा कसा झाला? १७६८ साली लंडनमध्ये महागाईने श्रमिक हैराण झाले होते आणि मजुरीसाठी ठिकठिकाणी असंतोष उफाळला होता. त्यात व्यापारी जहाजांवरील खलाशीही उतरले. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांची शिडे त्यांनी खाली उतरवली. शीड नसलेले जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे लाकूड. मालकाचा माल जहाजात होता, जहाज मालकाचे होते, कायदाही त्याच्याच बाजूचा होता. पण शीड चढवणारे हात खलाशांचे होते. ते हात थांबताच लंडनचा व्यापार अडला. काम बंद ठेवून लढणे या अर्थाने 'स्ट्राइक' हा शब्द त्या वर्षापासून आढळतो. त्याच्या मुळाशी ठोसा नाही, उतरवलेले शीड आहे.

इतर भाषा काय सांगतात तेही पाहू. फ्रेंचमध्ये संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी याच नावाचा चौक होता. तेथे बेकार मजूर काम मिळण्याची वाट पाहत उभे राहत. आपल्या शहरांत सकाळी नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर आठवा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. कामाच्या प्रतीक्षेत उभे राहण्याचा शब्द पुढे काम नाकारण्याचा शब्द झाला. स्पॅनिश 'उएल्गा' हा विश्रांती घेणे, श्वास घेणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. रशियन 'झबास्तोव्का' या शब्दात इटालियन 'बास्ता' दडलेला आहे. बास्ता म्हणजे पुरे! कोठे शीड, कोठे वाळवंट, कोठे श्वास, कोठे 'पुरे'. यांपैकी एकाही शब्दाच्या मुळाशी हिंसा नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्याकडे येऊ. हिंदी-गुजरातीतील 'हडताळ' म्हणजे हट्टाला, अर्थात बाजाराला, ठोकलेले ताळे. मराठीत तो 'हरताळ' झाला. चुकीची अक्षरे झाकण्यासाठी पोथीवर जे पिवळे द्रव्य फासत तो हरताळ वेगळा. दोहोंची गल्लत करू नये. टाळे दुकानदाराने स्वतः लावले तर हरताळ, आणि मालकाने कामगाराच्या तोंडावर लावले तर टाळेबंदी! वस्तू एकच, ती कोणाच्या हातात आहे यावर अर्थ ठरतो.

परंतु आपला खरा शब्द 'संप'. 'संपणे' या क्रियापदाशी ध्वनिसाम्य असल्याने काम संपले तो संप, असे काहींना वाटते. जुन्या मराठीत संप म्हणजे जूट, एकी. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. खलाशांच्या शब्दाने कृती सांगितली, आपल्या शब्दाने त्या कृतीची पूर्वअट सांगितली. एकी नसेल तर ती रजा ठरेल, गैरहजेरी ठरेल. संप ठरणार नाही.

म्हणूनच १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप साम्राज्याला झोंबला. म्हणूनच १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि तो संप सहा वर्षे टिकला. कारखाना नसताना शेतकऱ्यांनी संप केला, कारण एकी त्यांच्याजवळ होती. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप? तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, तरी कामगार हरले, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एकी आवश्यक असते. ती पुरेशी असतेच असे नाही. मालकाला गिरणीपेक्षा गिरणीची जमीन अधिक मोलाची वाटू लागली, की उतरवलेल्या शिडाची त्याला फिकीर उरत नाही.

शब्दाच्या अर्थावरची लढाई आज कायद्यात चालू आहे. १९३८ साली मुंबई प्रांताच्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना डॉ. आंबेडकरांनी मांडले होते की, संपाबद्दल शिक्षा करणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला त्यासाठी मुंबईत एक दिवसाचा संपही झाला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही 'संप' या व्याख्येत घातली आणि सर्वच औद्योगिक आस्थापनांत चौदा दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली. शब्दाचा अर्थ रुंद केला तो हक्क अरुंद करण्यासाठी. उलट, ॲपवरून घरोघरी माल पोचवणाऱ्या तरुणाला कंपन्या 'कामगार' न म्हणता 'भागीदार' म्हणतात. शब्द नाकारला की हक्क नाकारणे सोपे जाते. तरीही हे तरुण एकत्र येऊन ॲप बंद ठेवतात, तेव्हा ते १७६८ च्या खलाशांचेच काम करीत असतात.

मित्रहो, व्युत्पत्तीने मजुरी वाढत नाही, हे मी जाणतो. पण उद्या एखाद्या सभेत 'संप म्हणजे समाजावर प्रहार' असे कोणी म्हणाले, तर त्याला शिडाची हकीकत सांगा. आणि आपल्याच युनियनमध्ये फाटाफूट होऊ लागली, तर सहकाऱ्यांना मराठी शब्दाचा जुना अर्थ आठवून द्या. पहिले काम सोपे आहे. दुसऱ्यासाठीच आपली खरी गरज आहे.