आजोबांचं मृत्युपत्र आणि धाकटे काका

आजोबांचे दिवस होतात न होतात तोच घरात कुजबुज सुरू होते. मृत्युपत्रात धाकट्या काकांना एक्झिक्युटर नेमलंय, म्हणजे घर त्यांनाच मिळणार का? नाही. एक्झिक्युटर हा मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा. देणी फेडायची, येणी वसूल करायची आणि ज्याचं त्याला द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या स्वतःच्या नावे काही लिहिलं असेल, तर तेवढंच त्याचं. ही जबाबदारी नको असेल, तर तो ती नाकारूही शकतो.

दुसरी तक्रार उशिराची. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्यूनंतर वर्षभर तरी वाटप करायचं बंधन एक्झिक्युटरवर नसतं. तेव्हा सहा महिन्यांत काकांवर संशय घेणं जरा घाईचंच! मात्र कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, मिळालं, की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब त्यांनी कोर्टात द्यायचा असतो.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं; नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ते वयानं तरुण असावेत, कारण पुढे कोर्टात सांगायला कुणीतरी हयात लागतं. आणि नोंदणी केलेलं मृत्युपत्रही आजोबांनी नंतर बदललेलं असू शकतं. म्हणून कपाटात एक कागद सापडला, की लगेच भांडायला बसू नका; त्यानंतरच्या तारखेचा दुसरा कागद आहे का, ते आधी शोधा.