सहाच्या आकड्याखालची अक्षरे

(उद्योजकता या विषयावरील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



उद्योजकतेवर बोलण्यासाठी संयोजकांनी मला बोलावले, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले की, मी कलाशाखेचा पदवीधर आहे; तीस वर्षे शब्दांची हमाली केली आहे; यंत्राशी माझा संबंध आला तो छापखान्याच्या दारापर्यंतच. तरीही त्यांचा आग्रह मोडवेना. म्हणून उद्योजकतेचे सिद्धान्त न सांगता एका मनगटी घड्याळाची गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या भाच्याची आहे आणि तिच्यात माझ्या वाट्याला फारसे गौरवाचे काम आलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या मनगटावर एचएमटीचे 'जनता' असे. सकाळी देवपूजा आटोपली की, ते खिडकीपाशी उभे राहून घड्याळाला चावी देत. ती चावी दुसऱ्या कोणी दिलेली त्यांना चालत नसे. ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले आणि माझ्या आळसामुळे कपाटात बंद पडून राहिले. भाच्याने ते दहावीत असताना मागून घेतले, उघडले, आणि तिथूनच त्याला हा नाद लागला. पुढे तो अभियंता झाला, चांगल्या नोकरीला लागला. एके दिवशी येऊन म्हणाला, "मामा, मी घड्याळे तयार करणार आहे. माझ्या स्वतःच्या नावाची. पहिल्या खेपेला दोनशे."

मी विचारले, "दोनशे घड्याळांनी काय होणार? लाखांनी घड्याळे करणारे कारखाने आहेत." तो म्हणाला, "म्हणूनच दोनशे."

छोट्यांचे युग

त्याचे उत्तर समजायला मला वेळ लागला. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावणारा गारगोटीचा एक इवला स्फटिक, आणि त्याच्यापुढे शतकांची कारागिरी फिकी पडली. स्वित्झर्लंडमध्ये १९७०च्या सुमारास या धंद्यात नव्वद हजारांच्या घरात माणसे होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. चावीचे घड्याळ आता संग्रहालयात जाणार, असेच सर्वांना वाटले.

ते गेले नाही. अचूक वेळ स्वस्त झाली, तेव्हा लोक घड्याळात वेळेपलीकडचे काही शोधू लागले. इंग्लंडलगतच्या आइल ऑफ मॅन बेटावर जॉर्ज डॅनियल्स नावाचा गृहस्थ जवळजवळ संपूर्ण घड्याळ एकट्याच्या हातांनी घडवीत असे. त्याने शोधलेली 'को-अ‍ॅक्शियल' रचना ओमेगासारख्या मोठ्या कंपनीने १९९९ साली आपल्या घड्याळांत स्वीकारली. एका माणसाच्या कार्यशाळेपुढे कारखान्याने मान तुकवली, ती अशी.

डॅनियल्स हे शिखर झाले. त्याच्या पायथ्याशी गेल्या वीस वर्षांत जगभर शेकडो छोटी नाममुद्रे उभी राहिली. यांचे मालक मशीन स्वतः बनवीत नाहीत. ते घड्याळ योजतात, भाग मिळवतात, जुळणी करवून घेतात आणि थेट गिऱ्हाइकाला विकतात. आपल्याकडे २०१३ साली जयपूरमध्ये अशी एक कंपनी निघाली. तिने जुनी नाणी तबकडीत बसवली. २०१८ साली बंगळुरूत एका दाम्पत्याने दुसरी काढली. तिने आपली विमाने, आपले अंतराळ संशोधन आणि आपले क्रिकेट यांतून घड्याळांची रूपे शोधली. माझा भाचा या वाटेवरचा आणखी एक वाटसरू.

मिलिमीटरचा दहावा भाग

घड्याळ 'योजणे' म्हणजे चित्र काढणे, अशी माझी समजूत होती. भाच्याने ती दूर केली. सुरुवात मशीनपासून होते, कारण मशीनची जाडी आणि व्यास यांवर बाकी सारे ठरते. मशीनवर तबकडी, तबकडीवर एकावर एक तीन काटे, त्यांवर काच. काटे एकमेकांना घासता कामा नयेत आणि काचेलाही टेकता कामा नयेत. प्रत्येक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशेब. काच नीलमण्याच्या जातीची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या सफायरची घ्यायची, कारण तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. पण ती महाग. केसचे पोलाद '३१६ एल' जातीचे, कारण आपल्याकडच्या घामाला आणि पावसाळ्याला ते पुरून उरते.

त्याने निवडलेले मशीन तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा. दिवसाचे पाच लाख अठरा हजार चारशे. कारखाना हमी देतो ती दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढ्या फरकाची. भाचा प्रत्येक घड्याळ तपासणी-यंत्रावर ठेवून, तोलचक्राजवळची इवली पट्टी केसभर सरकवून, तो फरक दहा सेकंदांच्या आत आणतो. एका घड्याळाला कधी दहा मिनिटे लागतात, कधी अख्खी दुपार. मोठ्या कारखान्याला हे परवडत नाही. दोनशेवाल्याला परवडते. "म्हणूनच दोनशे" याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

माझा सल्ला

आता माझ्या वाट्याचा प्रसंग. नमुना तयार झाला, तेव्हा भाचा घरी आला. तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, इतकी बारीक अक्षरे असतात की, आपण ती आयुष्यभर वाचत नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही शब्दांतली माणसे. इथे काय लिहू?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "मेड इन इंडिया! यात विचारायचे काय?"

तो गप्प बसला. मग त्याने टेबलावर भाग मांडले. "मामा, हे मशीन जपानचे. ही केस आणि काच चीनमधून आली. तबकडी आपल्याकडची, पट्टा आपल्याकडचा, आराखडा माझा, जुळणी आणि तपासणी पुण्यात. आता सांगा."

मी मागे हटलो नाही. म्हणालो, "सगळेच असे लिहितात. आणि आपल्या मालाचा अभिमान बाळगण्यात गैर काय?" त्यावर तो जे बोलला, ते मी येथे सांगण्यासाठीच उभा आहे. "अभिमान आहे म्हणूनच लिहवत नाही. आजोबांच्या घड्याळावर खोटे काही लिहिलेले नव्हते."

मी पत्रकार आहे. दुसऱ्याच्या विधानाचा पुरावा मागणे हा माझा व्यवसाय. आणि पुराव्याची आठवण मला पंचविशीतल्या पोराने करून दिली!

त्या रात्री मी एचएमटीचा इतिहास काढून बसलो. १९६१ साली बंगळुरूत मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला, तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. आरंभी तंत्र त्यांचे, हात आपले. हळूहळू भाग येथे होऊ लागले, श्रीनगर, तुमकूर, राणीबाग येथे कारखाने निघाले, आणि मास्तरांपासून जवानांपर्यंत सर्वांच्या मनगटावर ते घड्याळ पोहोचले. पुढे क्वार्ट्झच्या लाटेत ही संस्था मागे पडत गेली आणि २०१६ साली तिचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. दरम्यान टाटा आणि तामिळनाडूची औद्योगिक विकास संस्था यांनी १९८४ साली टायटन उभी केली. टायटननेही पहिल्या दिवशी सर्व काही स्वतः केले नव्हते. पण २००२ साली तिने 'एज' हे अवघे साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ होसूरमध्ये तयार केले आणि त्याचे १.१५ मिलिमीटरचे मशीनही स्वतः घडवले. आज हिमाचलातील परवाणू येथे तयार होणाऱ्या तबकड्या स्विस घड्याळांत बसतात, हेही आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

योगायोग पाहा. भाच्याने निवडलेले 'मियोटा' मशीन त्याच सिटिझनच्या घराण्यातले. ज्यांचे बोट धरून साठ वर्षांपूर्वी आपण चालायला शिकलो, त्यांच्याच दारात पुन्हा उभे राहायची पाळी आली. याचे वाईट वाटले पाहिजे. पण ते लपवून ठेवण्याने कमी होणार नाही.

स्वित्झर्लंडचेच पाहा ना. 'स्विस मेड' ही दोन अक्षरे तबकडीवर छापायची, तर १ जानेवारी २०१७पासून घड्याळाच्या निर्मितीखर्चापैकी किमान साठ टक्के वाटा त्या देशातला असावा लागतो. मशीन स्विस असावे लागते आणि अंतिम तपासणीही तिथेच व्हावी लागते. शंभर टक्क्यांचा दावा त्यांचाही नाही. मात्र किती टक्के, हे त्यांनी ठरवले आणि कायद्यात लिहिले. आपल्या नावाची पत त्यांनी अशी राखली.

सत्तर तबकड्या

शेवटी दोनशे तबकड्या आल्या. त्यांतल्या सत्तरांमध्ये मागच्या बाजूच्या खुंट्या किंचित चुकीच्या जागी बसल्या होत्या. परिणाम असा की, बाराची खूण कडेच्या मिनिटांच्या रेषेशी जुळत नव्हती. मला दाखवले, तरी मला दिसेना. भिंगातून पाहिल्यावर दिसले. पुरवठादाराचे म्हणणे, गिऱ्हाइकाला कळणार नाही. ते खरेही होते. दिवाळी पाच आठवड्यांवर होती. भाच्याची नोकरीतली सारी शिल्लक आणि माझ्या बहिणीने मोडलेली मुदत ठेव त्या घड्याळांत अडकली होती. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही.

त्याने सत्तर तबकड्या परत पाठवल्या. नव्या यायला चार महिने लागले. दिवाळी गेली. एकशे तीस घड्याळे तयार होती, ती विकली गेली; उरलेली पाडव्याच्या सुमारास बाहेर पडली. आजही पंधरा-वीस त्याच्या कपाटात आहेत. नफा म्हणावा असा पहिल्या खेपेत झाला नाही. बहिणीची ठेव तेवढी परत बँकेत गेली. यशोगाथा ऐकायला आलेल्या श्रोत्यांची मी निराशा करीत असेन, तर क्षमा असावी.

पण सहाच्या आकड्याखाली त्याने काय लिहिले, ते सांगायचे राहिले. तबकडीवर त्याने त्या जागी काहीच छापले नाही. सोबतच्या हमीपत्रावर मात्र चार ओळी आहेत : आराखडा, जुळणी व तपासणी पुणे, तबकडी व पट्टा भारत, केस व काच चीन, मशीन जपान. ते वाचून एकही गिऱ्हाईक परत गेले नाही. उलट एका सेवानिवृत्त गृहस्थांनी विचारले, "पुढच्या खेपेला यातली कोणती ओळ बदलणार?"

त्या प्रश्नात सगळे आले. भाचा सध्या भोसरीतल्या एका कारखानदाराकडे फेऱ्या घालतो आहे. मोटारींचे अचूक भाग करणारी ती यंत्रे घड्याळाची केस कापू शकतात. आरशासारखी झिलई अजून साधलेली नाही. दोन नमुने फसले, तिसरा चालू आहे. साधली, तर चारांपैकी एक ओळ बदलेल. मशीनची ओळ बदलायला कदाचित त्याचे आयुष्य जाईल, कदाचित ते त्याच्या मुलाचे काम ठरेल.

बंधुभगिनींनो, स्वदेशी हा शब्द आपण घोषणेत फार वापरला. माझ्यापुरता मी त्याचा अर्थ आता असा लावतो : आपले किती आणि परक्याचे किती, याचा खरा हिशेब आधी मांडायचा आणि मग दरवर्षी त्यातली एक ओळ बदलण्यासाठी घाम गाळायचा. हिशेब खोटा मांडला, तर बदलायला काही उरतच नाही.

वडिलांचे 'जनता' भाच्याने दुरुस्त करून मला परत दिले आहे. सकाळी मी त्याला चावी देतो. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडते. तेवढे चालायचेच, मीही पडतोच की!