रझाकारी संपली, त्यानंतर

पुण्यालगतच्या मांजरीजवळून जाणारा सोलापूर रस्ता पुढे नळदुर्ग, उमरगा ओलांडून हैदराबादला पोचतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून याच वाटेनं निजामाच्या राज्यात शिरलं. 'पोलीस ॲक्शन' म्हणून ओळखली जाणारी ही मोहीम पुण्याच्या दक्षिण कमांडची. तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी. सोलापूरच्या बाजूचं सैन्य मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखाली होतं. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. हडपसर-मांजरी पट्ट्यात लातूर, धाराशिव, नांदेडहून येऊन स्थिरावलेल्या घरांत हा दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून साजरा होतो.

श्रोतेहो, लढाई पाच दिवसांत आटोपली. आजचा विषय आहे तिच्या आधी आणि नंतर मारली गेलेली माणसं. त्यांच्या हाती शस्त्र नव्हतं.

हैदराबाद संस्थानात सुमारे १ कोटी ६० लाख लोक राहत. रयत बहुसंख्येनं हिंदू, बोली तेलुगू, मराठी, कानडी. कारभार उर्दूत आणि सत्ता मुस्लिम राजघराण्याकडे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं भारतात विलीन होण्यासाठी लढा उभारला. तो मोडायला लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे सशस्त्र स्वयंसेवक, पुढे आले. गावावर पैशांची आकारणी करायची. गावानं नकार दिला, की लूट, जाळपोळ, खून. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात त्यांनी हत्याकांड केलं; दोनशेच्या आसपास माणसं मारली गेल्याचं सांगितलं जातं. मोगलाईतली, म्हणजे निजामी मुलखातली, कुटुंबं रातोरात बार्शी, सोलापूरकडे परागंदा झाली.

विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेत ठार मारण्यात आलं. हल्लेखोरांनी त्यांचा हातही तोडला. ते स्वतः मुसलमान होते, यानं मारेकऱ्यांना काही फरक पडला नाही.

मग १७ सप्टेंबर उजाडला आणि सुडाचे दिवस आले.

रझाकार कोण आणि शेजारचा विणकर, दुकानदार, कुळवाडी मुसलमान कोण, हा भेद अनेक गावांत कुणी पाहिला नाही. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह एक सद्भावना समिती पाठवली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ती १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मृत्युमुखी पडली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांना. तिथले मृत १८ हजारांहून कमी नाहीत, असं समितीनं लिहिलं. रझवीच्या लातुरात तर कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. काही ठिकाणी जवानांनीच पुरुषांना बाहेर काढून मारल्याची नोंद अहवालात आहे. सैन्यानं आणि पोलिसांनी लोकांना वाचवल्याचीही आहे.

समिती गावोगाव फिरत होती, त्याच दिवसांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४९ मध्ये, जिनिव्हा करारांनी देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही नि:शस्त्र माणसाला अभय दिलं. शस्त्र न धरलेल्या माणसाला त्याच्या धर्मासाठी किंवा वंशासाठी मारायचं नाही, हे जग तेव्हा कायद्यात लिहीत होतं.

सरदार पटेलांनी सुंदरलाल समितीचा अहवाल मान्य केला नाही आणि सरकारनं तो प्रसिद्ध केला नाही. मराठवाड्यात त्यामुळे स्मृतीही दुभंगली. एका घरात आजी 'रझाकारी'त काय सोसलं ते सांगते. दुसऱ्या घरात 'पोलीस ॲक्शन'मध्ये काय गेलं ते. दोन्ही आज्या खरं सांगतात, पण एकमेकींच्या ओसरीवर बसून क्वचितच सांगतात. गोरट्याच्या मृतांचा उच्चार केला, की लातूरच्या मृतांचा विसर पडावा, आणि उलटही घडावं, हा अन्याय आहे. मुक्तिलढ्याचं मोल लातूरचं नाव घेतल्यानं उणं होत नाही; स्वामीजी आणि त्यांचे सहकारी ज्या माणुसकीसाठी तुरुंगात गेले, तिच्यात ही माणसंही येतात.

मृतांना नावानिशी आठवता येतं, याचं एक उदाहरण बोस्नियातलं. तिथे स्रेब्रेनिकाला जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथे हाडांवरून ओळख पटवून एकेकाला नावानिशी दफन करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. मराठवाड्यात तेवढं शास्त्र हाताशी नसलं, तरी आठवणारी माणसं अजून आहेत. १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुलं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यातली काही नातवंडांकडे पुण्यात राहायला आली आहेत.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक नोंद विणकरांची आहे. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्यासाठी काहींनी जीवही गमावला. ते कोण होते, कुठल्या पेठेत त्यांचे माग होते, हे अजूनही कुणाच्या तरी आजोबांना आठवत असेल. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन आटोपल्यावर मांजरीतल्या एखाद्या नातवानं वही घेऊन आजोबांच्या खाटेशेजारी बसावं आणि रझाकारीपासून पोलीस ॲक्शनच्या नंतरपर्यंत सगळं विचारावं.