परमुलखातील पहिला रमजान

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गोवा, बेळगाव आणि कोकणपट्टी या भागांतून अरबी आखाताकडे जाणाऱ्यांची परंपरा आता बरीच जुनी झाली आहे. बहारीनमध्ये १९३२ साली आणि कुवेतमध्ये १९३८ साली खनिज तेल लागले. त्यानंतर कारकून, आचारी, गवंडी, परिचारिका, हिशेबनीस अशी नाना व्यवसायांची माणसे तिकडे जाऊ लागली. एके काळी तिथल्या बाजारात आपला रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या. या स्थलांतराविषयी पैशाच्या अंगाने पुष्कळ बोलले जाते. किती पाठविले, घर केव्हा बांधले, बहिणीचे लग्न कसे करून दिले, हे सारे गावाला ठाऊक असते. परंतु तिथे गेल्यानंतर पहिल्याच वर्षी ज्या एका महिन्यात या माणसाचे घड्याळ, जेवण आणि झोप ही तिन्ही उलटीपालटी होतात, त्या महिन्याविषयी घरच्या पत्रांतून फारसे काही आलेले दिसत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच महिना आहे.

आपल्याकडून गेलेल्या माणसाला रमजान अगदीच अपरिचित असतो असे नव्हे. हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाला तर रमजानच्या संध्याकाळी चारमिनारभोवती उसळणारी गर्दी आणि हलीमच्या भट्ट्या लहानपणापासून ठाऊक असतात. त्याला आखातात गेल्यावर 'हरीस' नावाचा गहू आणि मांस एकत्र घोटून केलेला पदार्थ पानात दिसतो, तेव्हा आपल्या हलीमचा हा वडीलधारा नातेवाईक आहे हे त्याच्या चटकन ध्यानात येते. निजामाच्या पदरी हद्रामौतहून आलेले अरब शिपाई होते. हैदराबादचा बारकस हा भाग त्यांच्याच वस्तीचा. त्यांच्या चुलीवरून हा पदार्थ दख्खनच्या मसाल्यात उतरला आणि २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र गावातल्या एका मोहल्ल्याचा रमजान पाहणे निराळे आणि सबंध देशच ज्याच्या हुकमतीखाली चालतो असा रमजान अनुभवणे निराळे. पहिल्यात माणूस प्रेक्षक असतो. दुसऱ्यात तसे राहता येत नाही.

प्रथम नावच बदलते. आपला 'रमजान' फारशी-उर्दूच्या वाटेने आलेला. अरबाच्या तोंडी तो 'रमदान' होतो. धातूचा अर्थ होरपळविणारी उष्णता असा आहे. 'रोजा' हा शब्दही तिकडे कोणी उच्चारत नाही, तिथे 'सौम'. सहकारी 'रमदान करीम' म्हणतो, तेव्हा काय उत्तर द्यावे हे नवख्याला कळत नाही. दोनचार दिवस तो नुसता हसून वेळ मारून नेतो.

त्यानंतर चंद्राचा घोळ येतो. ज्याच्या घरी भिंतीवर पंचांग टांगलेले असते, त्याला महिना उद्या लागणार की परवा हे आदल्या संध्याकाळपर्यंत ठरत नाही, ही गोष्ट चमत्कारिक वाटते. शाबान महिन्याच्या २९ व्या दिवशी सूर्यास्तानंतर कोर दिसली तर रमजान लागला, न दिसली तर शाबानचे ३० दिवस पुरे करावयाचे. आपल्या बीजेच्या चंद्राची ओढ ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावयास अवघड नाही. अडचण येते ती वर्षाच्या हिशेबात. आपले चांद्र महिने अधिकमासाच्या आधाराने ऋतूंशी जोडलेले राहतात. श्रावण कधी कडक उन्हाळ्यात येत नाही. इस्लामी कालगणनेत महिना वाढविण्यास कुराणानेच मनाई केली आहे. त्यामुळे ३५४ किंवा ३५५ दिवसांचे ते वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि सुमारे तेहेतीस वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. म्हणून दोन पिढ्यांच्या आठवणी जुळत नाहीत. १९९८ च्या डिसेंबरात जो तिथे पोहोचला, त्याने थंड हवेतला सुमारे बारा तासांचा उपवास पाहिला. २०१५ आणि २०१६ साली जो जूनमध्ये पोहोचला, त्याने पंधरा तासांचा, चाळीस अंशांवरच्या उन्हातला उपवास पाहिला. बाप आणि मुलगा दोघेही 'रमजान' म्हणतात, आणि दोघांच्या डोळ्यांसमोर निरनिराळे महिने उभे राहतात.

उपवास या शब्दाचीही अशीच गत. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा, वरी, रताळी, दाण्याची आमटी, केळ्यांची शिकरण, एवढे सगळे पानात असूनही त्या दिवशी उपवासच असतो. निर्जळी करणारी एखादी आजी घरोघर असे. बाकीचे तिच्या नावावर पुण्य जमा धरून फराळ करीत. इकडे पहाटेच्या पहिल्या उजेडापासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, विडी-सिगारेट नाही. आणि असे २९ किंवा ३० दिवस सलग. आजारी, प्रवासी, गरोदर स्त्रिया, लहान मुले यांना सूट आहे. आजारी वा प्रवासी माणसाने चुकलेले दिवस मागाहून भरून काढावयाचे असतात. क्रेनवर चढणारा पठाण आणि फायली लावणारा इजिप्शियन हे दोघेही दुपारी तीन वाजता कोरड्या ओठांनी काम करताना दिसतात, तेव्हा नवख्याला स्वतःच्या खिशातल्या बिस्किटाच्या पुड्याचे ओझे वाटू लागते.

हे ओझे केवळ मनाचे नसते. कुवेतमध्ये १९६८ सालच्या ४४ क्रमांकाच्या कायद्याने रमजानात दिवसा चारचौघांत खाण्यापिण्यासाठी शंभर दिनारपर्यंत दंड, एक महिन्यापर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. आणि ती धर्म पाहून नव्हे, सर्वांनाच. दुबईत उपाहारगृहांना दिवसा पडदे लावावे लागत. २०२१ साली ही सक्ती उठविण्यात आली. म्हणजे आज जाणाऱ्याला जे शहर दिसेल ते वीस वर्षांपूर्वी गेलेल्याने पाहिलेले नाही. त्या जुन्या दिवसांत नवखा माणूस कचेरीच्या एका मागच्या खोलीत, दार लोटून, डब्यातली चपाती घाईघाईने संपवीत असे. अन्न हे पूर्णब्रह्म असे शिकलेल्या माणसाला ते चोरून खावे लागणे सोपे नाही. काहींना त्याचा राग येतो, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. श्रद्धेचा आदर मनातून यावा, दंडाच्या भीतीने आलेला आदर कितपत टिकणार? पण हेही खरे की तीच माणसे पुढे कोणाच्या सांगण्यावाचून उपाशी सहकाऱ्यासमोर पाण्याची बाटली उघडीनाशी होतात. काहीजण तर गंमत म्हणून एक दिवस सगळा उपवास करून पाहतात. दुपारी दोनपर्यंत गंमत टिकते.

सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास हा त्या शहरांचा सर्वांत चमत्कारिक काळ. रस्त्यावर मोटारी पिसाटासारख्या धावतात, कारण प्रत्येकाला घरची पंगत गाठावयाची असते. अपघात टळावेत म्हणून चौकात गाड्या थांबवून खजूर आणि पाण्याची पाकिटे वाटली जातात. मग तोफेचा आवाज होतो. दुबईत ही तोफ पोलीस उडवितात. क्षणात रस्ते असे ओस पडतात की संचारबंदी लागली असावी. तिथे दिवसाचा आरंभच सूर्यास्ताने होतो, म्हणून रात्र आधी आणि दिवस मागाहून. सूर्योदयाच्या तिथीवर वाढलेल्या आपल्या माणसाची 'शुक्रवारची रात्र' कोणती यावरून हमखास फसगत होते. सूर्य मावळला म्हणजे नेमका केव्हा, हाही प्रश्न तिथे सूक्ष्मपणे पाहिला जातो. बुर्ज खलिफा ही १६३ मजल्यांची इमारत २०१० साली खुली झाली. उंचावर सूर्य अधिक वेळ दिसतो; तेव्हा २०११ साली दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितले की ऐंशीव्या मजल्यावरच्यांनी दोन मिनिटे आणि दीडशेव्या मजल्यावरच्यांनी तीन मिनिटे उशिरा उपवास सोडावा.

मशिदीबाहेर तंबू असतात, जमिनीवर प्लास्टिकची लांबच लांब पाने अंथरलेली असतात. खजूर, ताक, सामोसा, भात आणि मांस. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत रोज हजारोंची पंगत बसते. नाव, गाव, धर्म कोणी विचारीत नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या पंगतीत बसलेल्याला ही बैठक ओळखीची वाटते. महिन्याच्या मध्यावर कुवेत, बहारीन, कतार या देशांत लहान मुले नटूनथटून दारोदार गाणी म्हणत सुकामेवा आणि मिठाई गोळा करतात. आपल्या हादग्याच्या खिरापतीची आठवण व्हावी असा तो प्रकार.

परंतु या रोषणाईला एक मागची बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत रमजानात खासगी क्षेत्रातील कामगारांचे काम रोज दोन तासांनी कमी होते, आणि हा लाभ उपवास न करणाऱ्यालाही आहे. ओमान आणि सौदी अरेबियात ही सवलत मुसलमान कामगारांपुरती आहे. पण हा कामगार कायदा घरकाम करणाऱ्या बायकांना लागू होत नाही. ज्या घरात रात्री पन्नास पाहुणे जेवावयाचे, मध्यरात्री मित्रमंडळींची 'गबगा' नावाची मेजवानी व्हावयाची आणि पहाटेपूर्वी पुन्हा सहूरचे पान मांडावयाचे, त्या घरात भांडी घासणारीचा दिवस या महिन्यात कमी होत नाही, वाढतो. पहिल्या रमजानात तिला समजते की घर झोपते तेव्हाच तिने झोपावयाचे, म्हणजे उजाडल्यावर. आणि मुले उठतात ती मात्र नेहमीच्याच वेळी. गोव्याच्या, आंध्रच्या, केरळच्या कितीतरी बायकांनी हे महिने असे काढले आहेत. घरी फोनवर त्या सांगतात ते खजुराविषयी आणि दिव्यांविषयी. ज्या महिन्याचा गाभा भुकेल्याची भूक समजून घेणे हा मानला जातो, त्या महिन्यात स्वयंपाकघरातला थकवा तेवढा दिसू नये, याची खंत तिथल्याही काही विचारी लोकांना वाटते.

शेवटच्या दहा रात्री गंभीर असतात. कुराणाचे अवतरण ज्या रात्री झाले ती 'लैलतुल कद्र' याच दहांत कोठेतरी आहे अशी श्रद्धा असल्यामुळे मशिदी रात्रभर जागतात. ईदच्या नमाजापूर्वी प्रत्येक कुटुंबाने माणशी ठरावीक धान्य गरिबाला द्यावयाचे असते. पुन्हा एकदा चंद्राची वाट पाहिली जाते. आखातात ईद झाली तरी हैदराबादेत बहुधा अजून एक उपवास शिल्लक असतो, आणि घरून फोन येतो की आमच्याकडे उद्या.

ईदच्या सकाळी कोपऱ्यावरचे मलबारी चहाचे दुकान उघडलेले असते. महिनाभर दिवसा बंद असलेल्या त्या फळीपाशी आपला नवखा उभा राहतो आणि कडक, दुधाळ चहाचा पेला हातात घेतो. ऊन स्वच्छ पडलेले असते. पेला ओठाला लावण्यापूर्वी तो नकळत आधी डावीकडे आणि मग उजवीकडे पाहतो.