रुग्णाची रात्र



आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे चरकसंहितेने शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. दीर्घ आजारात यांतील निद्रेचा स्तंभ घरच्यांच्या नकळत खचत जातो.

आमवाताचा रुग्ण पाहा. कूस बदलताच सांधा ठणकतो, झोप मोडते. सकाळी बोटे आखडलेली असतात. अपुऱ्या झोपेने वेदना सोसण्याची शक्ती घटते, म्हणून तेच दुखणे दुसऱ्या दिवशी अधिक बोचते. मग मन खिन्न होते आणि खिन्न मनाला पहाटे तीनलाच जाग येते. वेदना, उदासी आणि जागरण यांचे हे चक्र फिरतच राहते.

‘दिवसभर पडूनच तर असतात’, असे म्हणून घरचे मोकळे होतात. रुग्ण डॉक्टरांना दुखणे सांगतो; झोपेविषयी बोलत नाही, उदासीविषयी तर नाहीच. मनाचे दुखणे सांगणे म्हणजे दुबळेपणा, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे.

वेदनाशामक औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. उठण्याची वेळ रोज एकच असावी. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. जुनाट निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलणारे उपचार गोळीच्या आधी करावेत, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ मध्ये सांगितले. उदासी हटत नसेल, तर शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

रुग्णाच्या भेटीला जाणारा कार्यकर्ता ‘दुखणे कसे आहे?’ असे विचारतोच. त्याने ‘रात्री झोप लागते ना?’ हेही विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे. सेवेचा आरंभ तेथूनच होतो.