नाशिकचे दोन दिवस, चवीसाठी



नाशिक म्हटलं की रामकुंड, पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि सिंहस्थ डोळ्यांसमोर येतात. आज मी बोलणार आहे त्याच गोदावरीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांबद्दल, त्या द्राक्षांच्या वाइनबद्दल, तिच्यासोबतच्या ताटाबद्दल आणि अशा सहलीला जाताना अंगावर काय असावं याबद्दल. शनिवार-रविवार मोकळा आहे, खाण्यापिण्याची मनापासून आवड आहे, तर कुठे जावं, असं मला कुणी विचारलं की मी नाशिकचंच नाव घेते. आणि जायचं ते जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत.

हाच काळ का, हे नीट सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. युरोपात द्राक्षाची वेल हिवाळ्यात झोपते. तिची वर्षातून एकदा छाटणी होते आणि द्राक्षं उन्हाळा संपता संपता, पानगळीच्या तोंडावर खुडली जातात. आपल्याकडे वेलीला झोप अशी नाहीच. पाऊसकाळात फळ तयार झालं तर ते सडणार, हे ठरलेलं. म्हणून आपले बागायतदार वेलीला दोनदा कात्री लावतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. छाटण्या दोन आणि पीक एक. पाऊस सरल्यावर घड भरायला लागतात आणि थंडीत पिकतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच. फेब्रुवारीत दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे शाल लागते. दिवसाच्या उन्हाने साखर चढते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही हवं असतं. नुसत्या गोड द्राक्षाची वाइन सपक लागते.

या दिवसांत बागेत पाय ठेवला की खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष यांतला फरक लगेच दिसतो. खायच्या द्राक्षाचा मांडव असतो, घड डोक्यावर लोंबतात. वाइनची वेल तारांवर उभी बांधलेली, हिरव्या भिंतीसारखी, आणि घड कमरेच्याही खाली. मणी बारीक, सालीला जाड, आत बिया. बागेतल्या माणसाची परवानगी घेऊन एक मणी तोंडात टाका. आधी गर गिळा. मग साल दाढेखाली धरून चावा, तुरट लागेल. तांबड्या वाइनचा रंग या सालीतूनच येतो, आणि बराचसा तुरटपणाही. आता बी तळहातावर काढून पाहा. हिरवट असेल तर फळाला वेळ आहे. तपकिरी झाली असेल आणि दाताखाली कुडकन फुटत असेल, तर खुडणी जवळ आली. साखर मोजायला यंत्र असतं, ते रोज लावलंही जातं, पण जाणता माणूस बी चावून बघितल्याशिवाय खुडणीचा दिवस ठरवत नाही. हे एकदा स्वतः करून पाहिलंत की पुढे पेल्यात जे येईल त्याची चव तुम्हाला वेगळी कळेल.

आता थोडा इतिहास. महाराष्ट्रात फेसाळ वाइनचा मोठा प्रयत्न आधी झाला तो पुणे जिल्ह्यात, नारायणगावला, १९८०च्या दशकात, शामराव चौगुले यांच्या हातून. नाशिकची कथा पुढच्या दशकातली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले, गंगापूरजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं. मग एकामागून एक वाइनरी निघाल्या. २००८च्या मंदीनंतर मात्र फार वाईट दिवस आले. माल पडून राहिला, पैसे अडकले आणि कितीतरी शेतकऱ्यांनी जीव लावून वाढवलेल्या वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. आजही अवकाळी पावसाची एक रात्र, गारपिटीचा एक तडाखा, भुरी किंवा डाऊनी या रोगांचा एक हल्ला पुरेसा असतो. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण वाइन म्हटलं की आपल्याला उंची हॉटेल आठवतं. ती आधी शेतमाल आहे. नाशिकला जाऊन हे कळलं नाही, तर जाणं फुकट गेलं असं मी मानते.

मुंबईकरांनी शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेस धरावी. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला गाडी आली की हवा बदलते. पुणेकरांना रस्ता आहेच. शनिवारी सकाळी मिसळ. नाशिकमध्ये मिसळ खाल्ली नाही तर काय केलं? मोडाची मटकी, वर शेव, पापड, वेगळ्या वाटीत काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा, दही, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी जिलबी. मात्र हा घास आणि वाइन यांची भेट घालून देऊ नका. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की जाळ वाढतो, तांबड्या वाइनचा तुरटपणा त्यात तेल ओततो. मिसळीला ताकच हवं.

मग वाइन कशाबरोबर? आपलं मराठी जेवण वाइनला चालत नाही, तिला चीज आणि ऑलिव्हच हवेत, हा समज सोडून द्या. गरम कोथिंबीर वडी आणि थंड सोव्हिन्यॉ ब्लाँ घेऊन बघा. या वाइनला मुळातच हिरव्या पानाचा, कच्च्या मिरचीच्या सालीचा वास असतो, कोथिंबिरीशी तिचं सूत पटकन जुळतं. फेसाळ वाइनबरोबर तळलेलं उत्तम लागतं: भजी, साबुदाणा वडा, खाऱ्या शेंगदाण्यांची मूठ. बुडबुडे आणि आंबटपणा जिभेवरचं तेल धुऊन काढतात. शेनिन ब्लाँ ही मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली जात नाशिकच्या मातीत चांगली रमली आहे. तिची किंचित गोडसर वाइन मिळाली, तर मध्यम तिखटाच्या भरल्या वांग्याबरोबर घ्या. गोडवा तिखटाला आवरतो. शिराझ या तांबड्या वाइनमध्ये काळ्या मिरीची झाक असते, ती सुक्या मटणाजवळ शोभते, पण मटणात मिरची बेताची हवी, खोबरं आणि खडा मसाला पुढे हवा. पुरणपोळीजवळ वाइन नेऊच नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि बापुडवाणी लागते. पुरणपोळीला तूप आणि दूध आहे, ते पुष्कळ झालं.

शनिवारी एकच वाइनरी करा, फार तर दोन. एका दिवसात सहा ठिकाणं उरकणाऱ्या मंडळींना संध्याकाळी एकाही वाइनची चव सांगता येत नाही. चार-पाच वाइन थोड्या थोड्या चाखा. पेला दांड्याला धरा, तळव्याच्या उबेने पांढरी वाइन लगेच कोमट होते. आधी वास घ्या, मग घोट, आणि घोट तोंडभर फिरू द्या. चाखून झालेली वाइन टाकायला टेबलावर भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काहीही कमीपणा नाही. ज्यांचा हा व्यवसाय आहे ती माणसं तेच करतात. प्रत्येक पेल्यामागे पेलाभर पाणी प्या.

आता पेहरावाबद्दल. अशा सहलीचं सामान म्हणजे उंच टाचा, भरजरी काहीतरी आणि सेंटची बाटली, असं बऱ्याच जणांनी ठरवलेलं असतं. सेंट आणि अत्तर घरी ठेवा, हा माझा पहिला आणि कडक आग्रह. वाइनमधलं अर्ध्याहून अधिक सुख नाकाने घ्यायचं असतं, आणि तुमच्या अंगावरच्या गुलाबाने शेजारच्या पाच जणांच्या पेल्यातला वास मारला जातो. ओठांना दाट रंग नको, तो काचेला लागतो आणि चवीत उतरतो. पायात बंद, सपाट तळव्याचं काहीतरी हवं. ठिबकच्या नळ्यांखालची काळी माती ओली असते, टाच त्यात रुतते. कोल्हापुरी चप्पल मला फार प्रिय, पण ती संध्याकाळच्या जेवणाला, बागेत नको. अंगात सुती किंवा खादी, पूर्ण बाह्यांचं, डोक्याला टोपी किंवा ओढणी. तांबडी वाइन चाखायची असेल त्या दिवशी पांढराशुभ्र कुर्ता नको. गर्द निळा, मातकट, वांगी, असे रंग या मातीत छान दिसतात. सूर्य कलला की हवेत शिरशिरी येते, तेव्हा एक बरी शाल हाताशी असावी. हिमरूची असेल तर फारच उत्तम, ती आपल्या मराठवाड्यातली कला. एवढ्यात माणूस नीटनेटका दिसतो आणि दिवसभर मोकळेपणाने वावरतो. वावरताना सारखं सावरावं लागतं ते कपडे कितीही महाग असोत, अशा जागी ते शोभत नाहीत.

रविवारी पहाटे उठायची तयारी असेल तर निफाडकडे निघा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२० मध्ये गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. थंडीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक उतरतात. वाटेत कुठे शेतावर हुरडा भाजत असतील तर थांबा. गोवऱ्यांच्या आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळून दिलेला गरम हुरडा, लसणाची चटणी आणि गूळ, यापुढे कुठल्याही हॉटेलातली न्याहारी फिकी.

तिथून विंचूरमार्गे पैठणीच्या येवल्याला. ज्यांना कपड्यांची दृष्टी आहे त्यांनी येवला चुकवू नये. खरेदी नाही केली तरी चालेल, पण एखाद्या विणकराच्या घरी, त्यांना विचारून, मागाजवळ बसा. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली असते. विणकर त्या तिल्ल्या बोटांनी ताण्यातून काढतो, रंग बदलला की एक धागा दुसऱ्यात अडकवतो, पुन्हा मागे वळतो. अशी एकेक ओळ. म्हणून हातमागाची पैठणी उलटी करून पाहिली तरी मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. विकत घेताना पदर उलटून बघा, तो तुमचा हक्क आहे. आणि किंमत ऐकल्यावर घासाघीस करण्याआधी तो पदर विणायला किती दिवस लागले, हे विचारा. साडी परवडत नसेल तर त्याच विणीचे दुपट्टे आणि जाकिटाचं कापडही मिळतं. मुनियाचा काठ असलेलं साधं जाकीट सुती कुर्त्यावर किती देखणं दिसतं! बाई असो वा बुवा, जेवणाच्या पंगतीत उठून दिसायला तेवढं पुरे.

जाता जाता बाटलीबद्दल दोन शब्द. घरी आणलेली वाइन फ्रिजवर किंवा गॅसच्या वरच्या फडताळात ठेवू नका, उष्णतेने ती मरते. अंधाऱ्या, गार कपाटात ठेवा. बुचाची असेल तर आडवी. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकाव्यात, त्या साठवून अधिक चांगल्या होत नाहीत. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती खोली थंड मुलखातली. आपल्या एप्रिलमध्ये तांबडीलाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग उघडा.

आणि एक कळकळीची विनंती. कायद्याने ठरवलेलं वय झालेलं नसेल त्याला पेला देऊ नका, आणि परतीला गाडी जो चालवणार आहे त्याने दोन्ही दिवस एक घोटही घेऊ नये. त्याच्यासाठी ताजा द्राक्षांचा रस मागा, या दिवसांत नाशिकला तो उत्तम मिळतो. किंवा सरळ स्थानिक चालक ठरवा, म्हणजे सगळ्यांनाच निवांत बसता येईल. वाइनरीत जाण्याआधी फोन करून वेळ घ्या, खुडणीच्या दिवसांत तिथली माणसं रात्रंदिवस कामात असतात.